दक्षिण गेटावर थांबलेली माणसं

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. आमच्या खात्यात तापट बाईला 'कडक मॅडम' म्हणतात आणि तापट पुरुषाला नुसतं 'साहेब'. मी पोलीस इन्स्पेक्टर. आमच्या शहरात फुटबॉलची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरायची ठरली आणि स्टेडियमच्या गेटांचा बंदोबस्त आखायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हापासून ऑफिसात माझं नाव 'गेटबाई' पडलं. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण वॉकी-टॉकीचं बटण चुकून दाबलेलं राहतं आणि सगळं ऐकू येतं.

काम सहजासहजी मिळालं नव्हतं. वाटपाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं की गेटाचं काम एखाद्या अनुभवी माणसाला द्यावं. आमचे मोठे साहेब तेव्हा चष्मा पुसत होते. त्यांनी तो नीट पुसला, नाकावर चढवला आणि म्हणाले, "अनुभवी माणसालाच देतोय." मग नकाशांची गुंडाळी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. साहेबांचे माझ्यावर उपकार पुष्कळ आहेत, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेले नसते.

मोठ्या सामन्याचा बंदोबस्त म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर छपरावरचे नेमबाज येतात, हुंगणारी कुत्री येतात, कानात वायर घातलेले गॉगलवाले येतात. ते सगळं असतं. माझ्या वाट्याला आलं ते त्यामानाने अगदी साधं होतं. हजारो माणसं दारातून आत घ्यायची, प्रत्येकाला तपासायचं आणि दारात कुणाला चेंगरू द्यायचं नाही. दारात गर्दी तुंबली की मागचे ढकलतात, कारण त्यांना पुढचं दिसत नसतं. पुढे काय होतं त्याचे फोटो आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवले होते. ते मला अजून जेवताना आठवतात.

आमची खोली पश्चिम स्टँडच्या जिन्याखाली होती. पूर्वी तिथे गोलच्या जाळ्या आणि चुन्याची पोती ठेवत, त्यामुळे सकाळी टेबलावर बोट फिरवलं की पांढरं होई. भिंतीवर स्टेडियमचा नकाशा. त्यात सगळ्या गेटांचं बरं चाललं होतं, एक दक्षिण गेट सोडून. ते सगळ्यात जुनं, सगळ्यात अरुंद, आणि त्याच्या मागचा दक्षिण स्टँड सगळ्यात स्वस्त. म्हणजे खरे वेडे प्रेक्षक तिथेच. ज्यांना पुढच्या खुर्च्या परवडतात ते मोबाईलमध्ये बघत असतात. दक्षिण स्टँडवाले खेळ बघतात.

हे मला कुणी सांगितलं, तर माझ्या सासूबाईंनी. आमच्या घरात फुटबॉलचं वेड असेल तर ते फक्त त्यांना. माझा नवरा शाळेत चित्रकला शिकवतो, त्याला चेंडूपेक्षा चेंडूची सावली जास्त आवडते. सासूबाई मात्र तरुणपणी रेडिओवर सामने ऐकायच्या, मग टीव्हीवर, आणि रेफरीला असं काही बोलायच्या की माझ्या लेकीचे काही शब्द मला शाळेतून परत घ्यावे लागले. लेक झाली तेव्हा मी नोकरीत नवीन होते, कधी जाईन आणि कधी येईन याचा पत्ता नसे. सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन सामने ऐकत झोपवली. अंगाईऐवजी कॉमेंट्री. माझी वर्दी कुणाच्या जिवावर इस्त्रीची राहिली ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते मी त्यांना एकदाही बोलून दाखवलेलं नव्हतं. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. फार तर भाजी छान झालीय म्हणतात.

एवढं वेड असून सासूबाई आयुष्यात एकदाही स्टेडियममध्ये गेल्या नव्हत्या. आधी संसार, मग नातीचं करणं, मग गुडघे. या स्पर्धेची तिकिटं सोडतीने निघाली, तेव्हा त्यांनी मला न सांगता नाव घातलं आणि उद्घाटनाच्या सामन्याची तीन तिकिटं लागली. दक्षिण स्टँड. त्या दिवशी त्या घरभर अशा फिरत होत्या की गुडघे दुसऱ्याच कुणाचे असावेत. "तुझ्या ओळखीनं नाही हो," मला म्हणाल्या, "माझ्या नशिबानं."

स्पर्धेच्या आधी आंतरराष्ट्रीय संघटनेची एक निरीक्षक बाई आली. तिचं काम म्हणजे प्रत्येक गेटाचा सराव बघायचा आणि पास-नापास सांगायचं. अंगाने काटकुळी, पायात सपाट बूट, बोलणं जेमतेम. सोबत एक दुभाषा होता, त्याला तिच्यामुळे फारसं काम नव्हतं. तो दिवसभर आमचा चहा प्यायचा.

दक्षिण गेटाच्या पहिल्या सरावाला आम्ही पोलीस प्रशिक्षण शाळेतली मुलं-मुली प्रेक्षक म्हणून आणली. आमची नेहमीची रीत तीच. माणसं हाताशी असतात, तपासलेली असतात, सांगितलेलं ऐकतात. पुरुषांच्या रांगा डावीकडे, बायकांच्या उजवीकडे, हीही नेहमीची रीत. मी हात वर केला, फाटक उघडलं आणि सगळी पोरं मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून अशी गेली की मलाच माझं कौतुक वाटलं. कुठे थांबणं नाही, कुठे वळून बघणं नाही. कठडेसाहेबांनीसुद्धा मान डोलावली. हे वाहतूक शाखेचे अधिकारी. जगातल्या कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच उपाय, लोखंडी कठडा, म्हणून हे नाव. ते मीच ठेवलंय.

निरीक्षक बाईने सगळं बघितलं आणि दुभाष्याच्या कानात काहीतरी म्हणाली. तो घसा साफ करून म्हणाला, "छान झालं, म्हणतायत. आता माणसं बोलवा, म्हणतायत."

मला झोंबलं. पण दुसऱ्या सरावाला माणसं बोलवली. परकी माणसं तपासत बसायला वेळ नव्हता, म्हणून पोलिसांच्याच घरची बोलवली. सुट्टीवरचे हवालदार आणि त्यांच्या बायका, आईवडील, पोरं. सामन्याला येतात तसे या, असं सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या घरचे तिघंही आले. सासूबाईंनी गळ्यात संघाच्या रंगाचा मफलर घातला होता. सराव असला म्हणून काय झालं, त्या म्हणाल्या.

फाटक उघडलं आणि थोड्याच वेळात माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पुरुषांच्या रांगा भराभर सरकत होत्या. सरकणारच, कारण त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. बायकांच्या रांगा जागच्या जागी, कारण सगळं त्यांच्याजवळ होतं. एकेका पर्समधून नवऱ्याचा चष्मा निघत होता, पोराची बाटली, सासऱ्यांच्या गोळ्या, घराच्या किल्ल्या, कुणाचा तरी चार्जर. झडती घेणाऱ्या माझ्या पोरी घायकुतीला आल्या. आणि आत गेलेले पुरुष काय करत होते? काही नाही. चौकटीतून बाहेर पडायचे, दोन पावलं टाकायचे आणि मागे वळून उभे राहायचे. एक उभा राहिला, त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्यामागे तिसरा. बघता बघता गेटाचा घसा आवळला गेला. मागचे आत यायला बघतायत आणि पुढे माणसांची भिंत, तीही सगळी माझ्या खात्यातली.

मी कर्णा उचलला. "पुढे चला. वाटेत थांबू नका." कुणी हललं नाही. एरवी माझ्या आवाजाने परेडच्या रांगा सरळ होतात. मी जिन्यावर उभी होते, तिथून खाली धावले, आणि त्या भिंतीच्या ऐन मधोमध कोण उभा, तर माझा नवरा.

"पुढे हो," मी म्हटलं.

"होतो. आपली माणसं येऊ देत."

"तुझ्यामुळे मागचं सगळं तुंबलंय."

"मी इथून हललो तर त्या दोघी मला शोधणार कुठे?"

"फोन कर त्यांना."

"फोन आईच्या पर्समध्ये आहे," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे टाचा उंचावून बघू लागला.

मागे कुणीतरी ओरडलं. एक आजोबा कठड्यावर दाबले गेले होते. मी शिट्टी वाजवून सराव थांबवला. आजोबांना काही झालं नाही, खुर्ची आणि पाणी दिल्यावर ते उलट माझ्यावरच डाफरले. पण खऱ्या सामन्याला शिट्टी वाजवून गर्दी थांबत नाही.

निरीक्षक बाईचा निकाल दुभाष्याने खाली बघत सांगितला. दक्षिण गेट नापास. पुढच्या आठवड्यात ती एकदा शेवटचं बघणार. तेव्हाही हेच झालं तर दक्षिण स्टँड स्पर्धेपुरता बंद आणि तिथली तिकिटं रद्द.

कठडेसाहेब तिथल्या तिथे म्हणाले, की आतल्या बाजूला दोन्हीकडून कठडे लावू आणि मध्ये दांडगे जवान उभे करू, थांबला की ढकला पुढे. रागाच्या भरात मला तेही पटलं.

संध्याकाळी घरी गेले ती धुमसतच. जेवायला बसलो तेव्हा सासूबाईंना सांगणं भाग होतं. मी ताटाकडे बघत सांगितलं की स्टँड बहुतेक बंद होईल.

"बरं," त्या म्हणाल्या. मग नातीच्या ताटात भाजी वाढत, "टीव्हीवरच चांगलं दिसतं तसंही."

या बाईने गेली कित्येक वर्षं मला सुनावलं होतं की टीव्हीवर अर्धा खेळ दिसतच नाही, कॅमेरा मूर्खासारखा चेंडूच्या मागे पळतो. ते 'बरं' मला सोसवलं नाही. आणि सोसवलं नाही की मी भांडते. नवऱ्याकडे वळून म्हटलं, "एक दिवस, फक्त एक दिवस सरळ चालत गेला असतास तर काय बिघडलं असतं तुझं? बाकीच्यांचं सोड, तू तरी."

नवरा आवाज चढवत नाही. रंगकाम करणाऱ्या माणसासारखा तो शब्दही जपून लावतो. "तू कधी कुणाला घेऊन मॅच बघायला गेलीयस?" त्याने विचारलं.

"ढिगानं मॅच बघितल्यात मी."

"ड्यूटीवर. मागच्या दारानं. मैदानाकडे पाठ करून. मी विचारतोय, घरच्या माणसांना घेऊन, रांगेत उभी राहून?"

मी पोळीचा तुकडा मोडला.

"म्हणून तुला माहीत नाही," तो म्हणाला. "आत शिरलं की माणूस आधी आपल्या माणसांना बघतो. तू कर्ण्यातून काहीही ओरड, तो हलणार नाही. मी हलणार नाही. बायको-पोरगी बाहेर ठेवून कोण जाऊन खुर्चीवर बसेल?"

"अरे, तिला काय बोलतोस," सासूबाई मध्ये पडल्या. "तिला सवय नाही, तिचं काम तसं आहे." मग माझ्याकडे बघून अगदी सहज म्हणाल्या, "आम्हाला आहे ना सवय. शाळेचं गॅदरिंग असो, कुणाचं लग्न असो, आम्ही तिघं दारातच उभे असतो. लोक म्हणतात, आत येऊन बसा. मी म्हणते, सून येतेय, ती आली की बसू."

"आणि मला उशीर झाला की?"

"मग उशिरा बसतो."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पोळी वाढतात तसं सांगितलं. मी आठवून बघितलं. खरंच, मी जिथे जिथे धापा टाकत पोचले, तिथे ते तिघं दाराशी होते. मला वाटायचं त्यांनाही नुकतंच यायला जमलं असेल. बारावीला पहिलं आलेलं पोर आपल्यालाच हुशार समजतं आणि डबा कोण भरत होतं ते विसरतं, तसं माझं झालं होतं. मला रडू आलं, आणि ते पोलिसी पद्धतीने, म्हणजे अचानक आणि नाकातून. लेक म्हणाली, "आई, तिखट लागलं का?" मी हो म्हटलं. पण मला लागलं होतं ते सुख. इतकी वर्षं माझी कुणीतरी दारात उभं राहून वाट बघत होतं, आणि ते आपल्याला मिळालंय हे आज मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत सगळे जमले. कठडेसाहेबांनी कठड्यांचा नकाशा आणला होता. मी म्हटलं, "एक विचारू का? इथे बसलेल्यांपैकी तिकीट काढून, घरच्यांना सोबत घेऊन, कधी कुणी सामन्याला गेलंय?"

कठडेसाहेब हसले. मग आजूबाजूला बघून हसायचे थांबले. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. इतकी वर्षं गर्दीचं काम केलेली माणसं त्या खोलीत बसली होती, आणि आम्ही सगळे कायम गर्दीकडे तोंड करून उभे राहिलेलो. गर्दीत कुणीच नव्हतो. आमच्या सरावाला आम्ही पोरं आणली तीही एकेकटी आणि मोकळ्या हाताची. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाने ही चूक केली नसती. साध्या थिएटरच्या डोअरकीपरलाही माहीत असतं की बाई पर्स शोधते आणि बाबा जिन्यात थांबतो.

मी म्हटलं, "माणसं थांबणारच. त्यांना ढकलायचं नाही. पहिलं म्हणजे त्यांची ताटातूट करायची नाही. बायका आणि पुरुषांच्या वेगळ्या रांगा बंद. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक हवालदार आणि एक महिला हवालदार शेजारी शेजारी, बायकांच्या झडतीला बाजूला पडदा. सगळं घर एका रांगेतून, एकत्र आत. आणि तरीही कुणाची चुकामूक झालीच, तर थांबायला आत हक्काची जागा द्यायची, गेटापासून लांब, सगळ्यांना दिसेल अशी."

"एवढ्या महिला हवालदार आणायच्या कुठून?" कुणीतरी विचारलं.

"प्रशिक्षण शाळेतून. परवा प्रेक्षक म्हणून छान चालत होत्या, आता काम करू देत."

"आणि जागा?" कठडेसाहेब म्हणाले. "गेटाच्या आत जागा आहेच कुठे? तिथे ते शीतपेयांचं दुकान आहे."

हे खरं होतं. दक्षिण गेटातून आत आलं की समोरच प्रायोजकांचं भलंमोठं दुकान उभं होतं, फ्रीजसकट. कराराने दिलेली जागा, तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. साहेब चष्मा पुसायला लागले, आणि मला माहीत होतं की साहेब चष्मा पुसायला लागले की काहीतरी होणार.

"दुकानाचं माझ्यावर सोडा," ते म्हणाले.

त्या दुकानापायी साहेबांनी कुणाकुणाची बोलणी खाल्ली ते मला पुढे त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं. वरून फोन आले, बदलीच्या गोष्टी निघाल्या. साहेब सगळ्यांना एकच सांगत राहिले, की थंड पाणी आणखी पन्नास पावलं आत मिळालं तर कुणी मरत नाही, दारात मात्र मरतं. सरावाच्या तीन दिवस आधी दुकान हललं. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले, सॅल्यूट केला आणि सरळ म्हटलं, "सर, तुमचे आभार मानायला आले." साहेब इतके अवघडले की त्यांनी समोरचा स्टेपलर उघडून आतल्या पिना बघितल्या. "ठीक आहे, ठीक आहे," म्हणाले, "तुमच्या त्या चित्रांचं काय झालं?"

चित्रांचं काम माझ्या नवऱ्याचं. दुकान हलल्यावर जी मोकळी जागा मिळाली तिथे परदेशी पाहुणेही येणार, त्यांना आमची पाटी वाचता येणार नाही. नवरा म्हणाला, मोठी चित्रं काढू, म्हणजे माणसं आत यायच्या आधीच ठरवतील, चुकलो तर हत्तीपाशी. शाळेतून सुट्टी काढून त्याने भिंतीवर हत्ती काढला, छत्री काढली, किटली काढली, एक लठ्ठ मांजर काढलं. माणसापेक्षा उंच, लांबून दिसतील अशी. तो शिडीवर उभा असताना कठडेसाहेबांनी स्वतः शिडी धरली होती. मांजर पाहून म्हणाले, "हे मॅडमसारखं दिसतंय." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटच्या सरावाला पुन्हा तीच घरं आली, तेच चष्मे, त्याच गोळ्या. रांगा हळू सरकत होत्या, पण सरकत होत्या. बायको पर्स उघडत असताना नवरा शेजारी उभा राहून आपली वस्तू आपण उचलत होता. कुटुंबं आत येत आणि बोलत बोलत जिन्याकडे वळत. कुणाचा आजोबा मागे राहिला तर पोरं किटलीपाशी जाऊन थांबत. गेटाचा घसा मोकळा. निरीक्षक बाई बराच वेळ हत्तीखाली उभी होती. तिथे तिच्या शेजारी एक हवालदार आईची वाट बघत थांबला, आई आली, दोघं गेले. मग तिने दुभाष्याची वाट न बघता आमच्याच भाषेत, कुणाकडून तरी शिकून घेतलेला एकच शब्द उच्चारला. "उघडा."

माझा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन मी सासूबाईंना सांगितलं की स्टँड उघडा राहणार. त्या भांडी लावत होत्या. "टीव्हीवर नाहीतरी काही दिसत नाही," म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करून एकच वाटी कितीतरी वेळ पुसत राहिल्या. मी जवळ गेले. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "आई, तुम्ही होतात म्हणून मी आहे." त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का," आणि पुसलेली वाटी माझ्या हातात दिली.

सामन्याच्या दिवशी माझी जागा कंट्रोल रूममध्ये कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर होती. गेटं उघडली, गर्दी यायला लागली. सगळे पडदे ठीक. दक्षिणेचा पडदा तर बघत राहावा असा. साहेब मागून आले, थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी बसतो इथे. तुम्ही गेट एकदा डोळ्यांनी बघून या."

मी खाली गेले. बाहेर माणसांचा नुसता कल्लोळ, ढोल, झेंडे, चेहऱ्यावर रंग फासलेली पोरं. नाना भाषांतली घरं एकेका रांगेत गोळा होऊन आत येत होती. मांजराखाली एक परदेशी म्हातारा आपल्या म्हातारीची वाट बघत होता. मी मेटल डिटेक्टरच्या चौकटीपलीकडे उभी राहिले आणि रांगांवर नजर टाकली. हा मफलर नाही. तोही नाही. माझ्याही नकळत मी टाचा उंचावल्या होत्या.

"मॅडम," कुणीतरी म्हणालं. प्रशिक्षण शाळेतली एक पोरगी होती, नव्या टोपीत, घामाने डबडबलेली. "मॅडम, माफ करा, पण तुम्ही वाटेत उभ्या आहात. लोक अडतायत. थांबायचं असेल तर हत्तीपाशी थांबा ना."

मी मागे पाहिलं. खरंच, माझ्यामागे एक सबंध कुटुंब खोळंबलं होतं.

"होते बाजूला," मी म्हटलं. "माझी माणसं येऊ देत."

तेवढ्यात मला मफलर दिसला. मधल्या रांगेत सासूबाई, त्यांचा हात धरून लेक, आणि नवरा पर्स उघडून स्वतःचा फोन स्वतः टोपलीत ठेवत होता. झडती झाली. तिघं चौकटीतून आत आले. माझा हात वर गेला, तोंडावर हसू होतं, डोळ्यांत काय होतं ते सांगत नाही.

सासूबाईंनी मला पाहिलं. मान हलवली. "आम्ही आलो गं," म्हणाल्या, "तू तुझं काम कर, खेळ सुरू होईल." आणि थांबल्या नाहीत. नातीला ओढत, गुडघ्यांना न जुमानता, दक्षिण स्टँडच्या जिन्याकडे निघाल्या. मी गेटाच्या मधोमध उभी राहून त्यांना एकेक पायरी चढताना बघत होते, आणि ती नव्या टोपीतली पोरगी मला दंडाला धरून हळूच बाजूला करायची वाट शोधत होती.